टाइल्स नंतर, आधी पाणी-हवा-वाट

बंगल्याखालचं तळघर म्हणजे घरातल्या नकोशा वस्तूंचं संस्थान. मोडकी सायकल, बाबांच्या ऑफिसच्या जुन्या फायली, आजीचा तांब्याचा बंब, गौरी-गणपतीच्या सजावटीची खोकी. काहीतरी शोधायला तुम्ही खाली उतरता आणि डोक्यात ट्यूब पेटते : अरे, ही तर आपली खोली होऊ शकते! एका कोपऱ्यात अभ्यासाचं टेबल, दुसऱ्या कोपऱ्यात गिटार आणि ॲम्प्लिफायर, मध्ये गादी टाकून मित्रांचा अड्डा. वर कोणाला आवाजाचा त्रास नाही, खाली कोणाची कटकट नाही. भारीच!

मग आई-बाबांना पटवण्यात महिना जातो. ओळखीतलं कोणीतरी कंत्राटदाराचा नंबर देतं. काका येतात, टेप लावतात, भिंतीवर दोन टिचक्या मारतात आणि म्हणतात, ‘काही टेन्शन घेऊ नका, पंधरा दिवसांत चकाचक करून देतो.’ आणि लगेच मोबाइलवर टाइल्सचे फोटो दाखवायला लागतात.

इथेच थांबा. टाइल्स बघायला खूप वेळ आहे.

तळघर ही वरच्या मजल्यावरच्या खोलीसारखी खोली नाही. ती जमिनीच्या आत आहे. तिचे मुख्य प्रश्न तीन : पाणी कुठून येतं, हवा कुठून येते आणि गडबड झाली तर माणूस बाहेर कुठून पडतो. कंत्राटदाराशी पहिली बैठक या तीन प्रश्नांवर व्हायला हवी. आणि ते विचारायचे तुम्हीच, कारण पैसे आई-बाबांचे असले तरी तिथे तासन्‌तास बसणार तुम्ही आहात.

आधी नकाशा काढा

कंत्राटदाराला बोलावण्याच्याही आधी घराच्या कागदपत्रांतून मंजूर नकाशा शोधून काढा. शिक्का असलेला, बाबांनी कपाटात जपून ठेवलेला तोच. त्यावर तळघर दाखवलं आहे का, आणि कशासाठी, ते बघा. महाराष्ट्रात तळघराला परवानगी मिळते ती साधारणपणे घरगुती सामान ठेवणं, गाड्या लावणं, यंत्रसामग्री बसवणं अशा ठरावीक कामांसाठी. राहण्याची खोली म्हणून तळघर सहसा मंजूर नसतं. तिथे झोपण्याची खोली काढायची, पीजी म्हणून मुलं ठेवायची किंवा पैसे घेऊन अभ्यासिका चालवायची, तर मामला नियमाबाहेर जाऊ शकतो. ‘सगळेच करतात हो’ हे कंत्राटदाराचं उत्तर परवानगी म्हणून चालत नाही. परवानाधारक आर्किटेक्टला किंवा थेट महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात विचारा.

हा नुसता कागदी घोळ वाटत असेल, तर विसरू नये अशी एक तारीख लक्षात ठेवा : २७ जुलै २०२४. त्या संध्याकाळी दिल्लीतल्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरात पावसाचं पाणी शिरलं. तळघराला परवानगी होती पार्किंग आणि सामान ठेवण्याची. प्रत्यक्षात तिथे लायब्ररी होती. यूपीएससीची तयारी करणारे तीन विद्यार्थी त्या पाण्यात बुडून गेले. अभ्यासाला बसलेली, तुमच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी मुलं होती ती. नकाशावरचा ‘स्टोअर’ हा शब्द का महत्त्वाचा असतो, याचं उत्तर या एका संध्याकाळीत आहे. सामान बुडालं तर नुकसान होतं. माणूस तिथे बसणार असेल तर सगळा हिशेबच बदलतो.

पाणी : तीन रस्त्यांनी येतं

पहिला रस्ता जमिनीतून. काँक्रीट दगडासारखं दिसत असलं तरी त्यात बारीक छिद्रं असतात आणि ओली माती बाहेरून चोवीस तास चिकटलेली असते. भूजल वर आलं की ते नुसतं झिरपत नाही, ढकलतं. फरशीच्या पातळीपेक्षा पाणी एक मीटर वर आलं, तर फरशीच्या दर चौरस मीटरवर खालून जवळपास एक टन जोर येतो. महागड्या टाइल्स पावसाळ्यात अचानक उखडतात, त्यामागे कधी कधी हे कारण असतं.

दुसरा रस्ता वरून. जिन्यातून, गाडीच्या उतारावरून, खिडकीच्या जाळीतून. रस्ता दरवर्षी डांबराचे थर चढून उंच होत जातो आणि एके काळी रस्त्यापेक्षा वर असलेलं तुमचं फाटक खाली जातं. तिसरा रस्ता सगळ्यात घाणेरडा : ड्रेनेजमधून उलटं. तळघरात टॉयलेट काढायचं असेल आणि ते रस्त्याखालच्या गटाराच्या लाइनपेक्षा खाली असेल, तर मैला वर चढवायला पंप लागतो आणि पाणी उलटं येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. हे दोन शब्द काकांच्या कोटेशनमध्ये नसतील, तर टॉयलेटचा विचार सोडून द्या.

ओल कुठून येते, हे शोधायला घरगुती प्रयोग आहे. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक घ्या, फरशीवर आणि भिंतीवर चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून किंवा जमिनीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा आहे. पहिल्याला वॉटरप्रूफिंग लागतं, दुसऱ्याला हवा खेळती ठेवणं. दोन्हीला एकच रंग फासून देणारा माणूस दोन्ही प्रश्न तसेच ठेवून जातो. हा प्रयोग मे महिन्यात करून उपयोग नाही, भर पावसाळ्यात करा. थोडक्यात, पाहणी पावसाळ्यात आणि काम दिवाळीनंतर.

आपल्याकडे तळघराचं चांगलं वॉटरप्रूफिंग बांधतानाच होतं. भिंतींना आणि तळाला बाहेरच्या बाजूने शहाबादी फरशी बसवून पेटीसारखं आवरण करतात, त्याला ‘बॉक्स वॉटरप्रूफिंग’ म्हणतात. उभ्या घराला ते बाहेरून करायचं म्हणजे चारही बाजूंनी खणावं लागतं. म्हणून बहुतेक जण आतून उपाय करतात : भेगांमध्ये दाबाने ग्राउट भरणं, आतून कोटिंग देणं. ते चालतं, पण त्याला मर्यादा आहेत, कारण पाणी भिंतीत असतंच, फक्त आत येत नाही. म्हणून ‘आतून करणार की बाहेरून, कोणतं मटेरियल, किती कोट आणि किती वर्षांची लेखी हमी’ हे चारही विचारायचं.

आणि एक करू नका. ओली भिंत प्लायवूडचं पॅनेलिंग, वॉलपेपर किंवा पीओपीमागे लपवू नका. दिसायला झकास दिसतं, पण मागे बुरशी आणि वाळवी आरामात संसार थाटतात. वॉटरप्रूफिंग झाल्यावर भिंती एक पावसाळा उघड्या ठेवा. पांढरा खार फुटला नाही, पोपडे आले नाहीत, तर मग सजावट.

हवा : दिसत नाही, म्हणून विसरतात

दार-खिडकी बंद करून सहा जण दोन तास बसले की जांभया सुरू होतात. दोष प्रत्येक वेळी विषयाचा नसतो. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड खोलीत साचत जातो. एसी लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण साधा स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. एका बाजूने ताजी हवा आत आणि समोरच्या बाजूने एक्झॉस्ट फॅनने जुनी हवा बाहेर, असा प्रवाह लागतो. कंत्राटदाराला कागदावर बाण काढून दाखवायला सांगा : हवा इथून आत, तिथून बाहेर. बाण काढता आले नाहीत तर व्यवस्था नाही.

याहून गंभीर गोष्ट गॅसची. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली जातो आणि तळघरात साचून राहतो. त्यामुळे ‘चहापुरती छोटी शेगडी’ हे लाड तिथे नकोत, सिलिंडर ठेवायची जागाही तिथे नको. गॅस गीझर किंवा जनरेटर तर अजिबात नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. माणसाला आधी झोप येते, आणि त्या झोपेतून तो उठतोच असं नाही.

उंचीही हवेशीच जोडलेली आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराची उंची कुठेही २.४ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पावणेआठ फुटांपेक्षा कमी नसावी. फॉल्स सीलिंगचा मोह होईल तेव्हा टेप घेऊन मोजा.

वाट : दार उघडेल का?

बारावीचं फिजिक्स आठवा. तीन फूट रुंद दार आहे आणि त्याच्या एका बाजूला दोन फूट पाणी साचलंय. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, हे धरून त्या दारावरचा एकूण जोर काढा. उत्तर येतं सुमारे १७० किलो वजनाइतकं. पाणी एक मीटरवर गेलं की साडेचारशे किलोच्या वर. खोली दुप्पट झाली की जोर चौपट. कडीजवळ ढकललं तर निम्मा जोर पुरतो. तरी पहिल्या वेळी ८५ किलो आणि दुसऱ्या वेळी सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे पाणी गुडघ्यावर आलं की एकट्या माणसाला, पाण्याच्या विरुद्ध दिशेने, ते दार उघडणं जवळजवळ अशक्य. ‘पाणी वाढलं तर बाहेर पळू’ हा प्लॅन म्हणूनच प्लॅन नाही.

मग काय करायचं? पाणी आत येण्याच्या वाटेवर, म्हणजे जिन्याच्या आणि उताराच्या तोंडाशी, उंचवटा आणि त्याच्या बाहेर जाळीचं गटार. बाहेर पडायला दोन वाटा, शक्यतो विरुद्ध टोकांना. खिडकीला लोखंडी ग्रिल असेल तर ती आतून, किल्लीशिवाय उघडता यायला हवी. पाणी उपसायला खड्डा आणि त्यात आपोआप सुरू होणारा पंप. पण पंप विजेवर चालतो आणि जोरदार पावसात पहिली जाते ती वीज. म्हणून पंप इन्व्हर्टरवर हवा आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर. तळघरात ठेवलेला इन्व्हर्टर ऐन वेळी पाण्यातच असतो.

विजेचे बोर्ड कंबरेच्या वर घ्या आणि तळघराच्या लाइनला ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या. विजेची गळती झाली की तो लगेच पुरवठा तोडतो. मुख्य स्विच वर, जिन्याच्या तोंडाशी, म्हणजे पाण्यात न उतरता बंद करता येईल.

खांबाला हात नाही

तळघराची उंची कमी पडली की हमखास येणारी सूचना म्हणजे, ‘सहा इंच खाली खोदू, हाइट मिळून जाईल.’ ऐकायला सोपं वाटतं. पण त्या फरशीखाली घराचा पाया असतो. पायाजवळची माती काढली की पाया उघडा पडतो. तसंच खिडकी मोठी करायला भिंत तोडणं. तळघराची भिंत ही नुसती आडोशाची भिंत नसते, बाहेरच्या मातीचा रेटा ती पेलत असते. मधला ‘अडचणीचा’ खांब बारीक करणं तर नावच काढू नका.

२५ जुलै २०१७ ला मुंबईत घाटकोपरला चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. तुमचं घर दोन मजल्यांचं असेल, तत्त्व तेच आहे. कंत्राटदाराचा अनुभव कितीही असो, तोडफोड आणि खोदकामाचा निर्णय परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर येऊन, सहीसह द्यायचा. त्याची फी ही या कामातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

आता कोटेशनकडे

किमान तीन कंत्राटदारांकडून कोटेशन घ्या. पण तिघांना एकच यादी द्या, नाहीतर एकाचा आंबा आणि दुसऱ्याचा फणस अशी तुलना होते. ‘तळघर रिनोव्हेशन लमसम ४ लाख’ असा एका ओळीचा कागद म्हणजे पुढच्या भांडणाची पूर्वतयारी. काम, माप, दर आणि मटेरियलचा ब्रँड, प्रत्येक बाबीची वेगळी ओळ हवी. दर फक्त मजुरीचा की मटेरियलसकट, हे वर ठळक लिहून घ्या. राडारोडा कोण उचलणार, हेही लिहा. तो नंतर फाटकासमोर दोन महिने पडून राहतो.

मापाची भाषा शिकून घ्या. प्लास्टरवाले ‘ब्रास’मध्ये बोलतात तेव्हा एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू-खडीच्या बाबतीत मात्र एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. स्कर्टिंग, पाइप ‘रनिंग फुटा’वर. काम झाल्यावर माप घेताना टेपचं एक टोक तुम्ही धरा. खिडक्या-दारांची वजावट झाली का, ते जागेवरच बघा.

जुनं काम बघायला जा, पण नुकतंच झालेलं नको. नव्या रंगात सगळीच तळघरं देखणी दिसतात. दोन-तीन पावसाळे पाहिलेलं तळघर दाखवायला सांगा आणि त्या घरातल्या काकूंशी दोन मिनिटं एकट्यात बोला. खरी माहिती तिथेच मिळते.

पैसे कामाच्या मागे, पुढे नाही

समजा काम ४ लाखांचं ठरलं. सुरुवातीला १० टक्के, म्हणजे ४० हजार. मग टप्पे : वॉटरप्रूफिंग पूर्ण झाल्यावर, प्लंबिंग-वायरिंग झाल्यावर, फरशी-प्लास्टर झाल्यावर, प्रत्येक वेळी झालेल्या कामाइतकेच. शेवटचे १० टक्के पहिला पावसाळा कोरडा गेल्यावर. ही अट चांगल्या कंत्राटदाराला जड जात नाही. आणि आपणही उलट बाजूने प्रामाणिक राहायचं : टप्पा पूर्ण झाला की पैसे त्याच दिवशी. काकांच्या हाताखालचे गवंडी, बिगारी त्यांच्या शनिवारच्या पगारावर घर चालवत असतात. आपल्या ‘पुढच्या आठवड्यात बघू’चा फटका त्यांना बसतो.

मधेच सुचलेलं जादा काम व्हॉट्सॲपवर लिहून, दर ठरवून, दोन्हीकडून ‘ओके’ आल्यावरच सुरू करायचं. भिंतीत जाणाऱ्या प्रत्येक पाइपचा आणि वायरचा प्लास्टरआधी फोटो काढून ठेवा. हे तुमचं काम, बाबांना नाही जमणार. पुढे खिळा ठोकताना तेच फोटो शोधत बसाल.

पैसे बँकेतून द्या, बिल घ्या. काम बिघडलं आणि कंत्राटदार फोन उचलेनासा झाला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण तिथे पहिला प्रश्न येतो तो कागदाचा. करार आणि पावत्या नसतील तर बाजू कितीही खरी असली तरी लंगडी पडते.

आणि घर तुमचं नसेल तर?

तुमच्यातल्या अनेकांकडे बंगला नाही, तळघरही नाही. पण परीक्षेच्या तयारीसाठी तुम्ही महिन्याचे पैसे भरून एखाद्या अभ्यासिकेत, जिममध्ये, डान्स क्लासमध्ये किंवा जॅम रूममध्ये जाता आणि ती तळघरात असते. ते काम कोणत्या तरी कंत्राटदाराने केलंय आणि त्याला हे प्रश्न कोणी विचारले होते का, तुम्हाला माहीत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी पाच मिनिटं द्या :

- बाहेर पडायच्या वाटा किती? दुसरी वाट खुर्च्या-खोक्यांनी अडवलेली तर नाही?
- दार बोटाच्या ठशावर उघडत असेल, तर वीज गेल्यावर काय होतं? आतून हाताने उघडून दाखवायला सांगा.
- भिंतीवर पूर्वीच्या पाण्याची रेघ, पोपडे किंवा खार दिसतोय का?
- रस्त्यावरचं पाणी जिन्यात येऊ नये म्हणून उंचवटा आहे का?
- पंप आहे का, आणि वीज गेली तर तो चालतो का?
- ताजी हवा कुठून येते?
- ही जागा अभ्यासिकेसाठी मंजूर आहे का? कागद दाखवता का?

शेवटच्या प्रश्नावर मालक चिडले, तर तेही एक उत्तर आहे. दुसरी जागा शोधा. फी थोडी जास्त असेल, जिने चढावे लागतील, पंखा जरा आवाज करेल. चालेल.

ज्यांच्या घरी खरंच तळघर आहे, त्यांनी या पावसाळ्यात फक्त एवढंच करायचं : पसारा एका बाजूला सरकवायचा, फरशीवर आणि भिंतीवर प्लास्टिकचे चार तुकडे चिकटवायचे आणि मुसळधार पाऊस पडेल त्या दिवशी टॉर्च घेऊन खाली जाऊन पायरीवरूनच बघायचं, पाणी कुठून येतंय. त्याचे फोटो कंत्राटदाराला दाखवा. तो फोटो बघून कोणते प्रश्न विचारतो, त्यावरून ठरवा, काम त्याला द्यायचं की नाही.